सनदी शिक्षक : इंग्लंडातील सोळा वर्षे

शिक्षकाची लायकी सरकारने परीक्षा घेऊन ठरवावी, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कधी काळी आरंभ झाला असेल हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्लंडात हा आरंभ १८४६ साली झाला, व तो करणारा गृहस्थ शिक्षक नसून डॉक्टर होता. जेम्स के (पुढे के-शटलवर्थ) यांनी मँचेस्टरच्या गिरणी-कामगारांच्या वस्त्यांत रोगाबरोबर अज्ञानही पाहिले होते. १८३९ साली सरकारी शिक्षणसमिती निघाली तेव्हा तिचे पहिले चिटणीस तेच झाले.

त्या काळी तिकडे गरिबांच्या शाळा चालत त्या बहुधा डॉ. बेल यांनी मद्रासेच्या अनाथगृहात अजमावलेल्या व लँकेस्टर यांनीही पसरविलेल्या रीतीने. एका पंतोजीने शेकडो मुले सांभाळावयाची व थोरल्या पोरांनी धाकट्यांस पढवावयाचे. रीत स्वस्त खरी. पण जे स्वतःसच उमगले नाही ते दहा-बारा वर्षांचे पोर दुसऱ्यास काय सांगणार?

हॉलंडातील शाळा पाहून आलेल्या के-शटलवर्थ यांनी १८४६ च्या ठरावांत निराळी शिडी उभी केली. निदान तेरा वर्षांचे होतकरू मूल पाच वर्षे उमेदवार शिक्षक म्हणून ठेवावे. त्यास पहिल्या वर्षी १० पौंड व वाढत वाढत पाचव्या वर्षी २० पौंड द्यावे. मुख्य शिक्षकाने त्यास शाळेच्या वेळेबाहेर रोज दीड तास शिकवावे व त्याबद्दल त्यासही वेगळा मोबदला मिळावा. दरसाल सरकारी तपासनिसाची परीक्षा, शेवटी उत्तम ठरलेल्यांस राणीची शिष्यवृत्ती, ट्रेनिंग कॉलेज व मग सनद. सनद हाती आली की पगारात सरकारची भर आणि दीर्घ सेवेअंती पेन्शनची आशा. उमेदवारांचे हाल थोडे होत नसत. दिवसभर शिकवून रात्री अभ्यास करणे पंधरा वर्षांच्या मुलीस जडच. तरी मजुराच्या लेकरास विद्येच्या मार्गाने वर चढण्याची वाट प्रथमच सरकारी खर्चाने मोकळी झाली. सनदेचा खरा भाव कागदात नव्हता. जी योग्यता सरकार मागत होते ती येण्यास लागणारा पैसाही तेच देत होते, यात तो होता.

आणि तोच पैसा डोळ्यांत सलू लागला. १८६१ च्या सुमारास सालिना खर्च आठ लक्ष पौंडांवर गेला. रॉबर्ट लो या मुत्सद्द्याने १८६२ साली नवी नियमावली काढली. सहा वर्षांवरील मुलामागे परीक्षेवर आठ शिलिंग. वाचन, लेखन, गणित यांपैकी जितक्या विषयांत ते नापास होईल तितके तिसरे हिस्से कापावयाचे! शिक्षकास थेट मिळणारी भर बंद, नव्यांस पेन्शनही बंद. त्याने पगाराची घासाघीस शाळेच्या चालकांशी करावी. मौज अशी की, शाळेस ग्रँट हवी तर मुख्य शिक्षक सनदीच हवा, ही अट मात्र कायम राहिली.

कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस. त्यांनी सरकारी नोकरीत असूनही या नियमावलीवर टीका लिहिली. तिकडे के-शटलवर्थही विरोधास उभे राहिले. व्हावयाचे ते झालेच. काही वर्षांतच उमेदवारांची संख्या पुष्कळ घटली, आणि मुले वाचनपुस्तक तोंडपाठ करून पास होऊ लागली. ही पद्धत मोडीत निघावयास १८९० नंतरची वर्षे उजाडावी लागली.

निकालावर ग्रँट देण्याची हीच रीत मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांसही लागली होती. १८८२ साली हंटर कमिशन आले तेव्हा जोतीराव फुले यांनी त्यापुढे लेखी निवेदन ठेवले. त्यात गावच्या मास्तराचा पगार दहा रुपयांवर क्वचितच जातो, हे त्यांनी स्पष्ट मांडले आहे. शिक्षक ट्रेनिंग घेतलेले असावेत एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांस बारा रुपयांहून कमी देऊ नये, मोठ्या गावांत पंधरा-वीस द्यावे, असे आकडेच त्यांनी घातले. वर मास्तराकडे गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री सोपवावी, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल, अशी सूचनाही केली.