पेपर मिलचं काळं पाणी: जाळायचं की विकायचं?

अकलूजच्या साखर कारखान्यात रस काढून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जातो. याच बगॅसपासून कागदही बनतो. अडचण एकच, त्यात २० ते २५ टक्के लिग्निन असतं. लिग्निन म्हणजे झाडाचे तंतू चिकटवून ठेवणारा नैसर्गिक गोंद.

बल्लारपूरसारख्या मोठ्या पेपर मिलमध्ये बांबू, लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात. लगदा वेगळा होतो, लिग्निन विरघळून काळं पाणी उरतं: ब्लॅक लिकर. ते आटवून जाळलं की वाफ मिळते, रसायनंही परत येतात. तसंच नदीत सोडलं तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

यातून लिग्निन काढता येतं का? येतं. ब्लॅक लिकरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडला की नासलेल्या दुधासारखं लिग्निन साकळतं. ते गाळून, आम्लाने धुतलं की तपकिरी भुकटी हाती येते. प्लायवूडच्या गोंदात ती फिनॉलची काही जागा घेते. नॉर्वेची बोरेगार्ड कंपनी तर सल्फाइट पद्धतीच्या लगद्यातून उरलेल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवते. हो, आइस्क्रीममधला तोच व्हॅनिला स्वाद!

मग सगळंच का काढत नाहीत? कारण लिग्निन हेच मिलचं इंधन आहे. जास्त काढलं तर वाफेसाठी बाहेरून कोळसा आणावा लागेल. म्हणून जिथे बॉयलर अपुरा पडतो, तिथे वरचं तेवढंच काढणं परवडतं.