खिशातले दप्तर

नागपूरकर भोसल्यांच्या कागदांसाठी दप्तरखान्यांचे उंबरे झिजवणाऱ्याने स्वतःच्या जुन्या मोबाइलांवर लिहावे, हे काहींना थिल्लर वाटेल. मला तसे वाटत नाही.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल सुरू झाला. मी मात्र थांबलो. आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले, त्यानंतरच बर्डीवरून नोकिया ११०० आणला. त्याला टॉर्च होता; भारनियमनाच्या दिवसांत त्या उजेडात मी मोडी वाचली आहे.

इतवारी-महालातल्या दुकानांच्या पाट्या मी शिलालेखांसारख्या वाचतो. ९८२२ म्हणजे बिर्ला-एटी अँड टी, पुढची आयडिया. ९८२३ म्हणजे बीपीएल, पुढे हच आणि व्होडाफोन. ९४२२ असेल तर बीएसएनएल, म्हणजे २००२ च्या अखेरीनंतरचा. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तरी पाटीवरचे अंक मूळ घराणे सांगतातच. गंमत म्हणजे २०१८ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन ही दोन घराणीच एक झाली.

सर्कलची आखणी तर राज्यपुनर्रचनेच्या अभ्यासकाने पाहावी अशी. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, मुंबई मात्र वेगळी. त्यामुळे पणजीचा फोन नागपुरात घरचा आणि हिवाळी अधिवेशनाला आलेला मुंबईकर आमदार आपल्याच उपराजधानीत रोमिंगवर! सावनेरच्या पुढे सौंसरकडे निघालो की सर्कल बदलायचे. तिकडे मराठी बोलणारी गावे आहेत, हे टॉवरला कोण सांगणार?

मला खरी चिंता एसएमएसची वाटते. रोमन अक्षरांत एका निरोपात १६० अक्षरे मावत, देवनागरीत फक्त ७०. म्हणजे मराठी मराठीत लिहिणे दुपटीहून महाग. साहजिकच एक अख्खे दशक आपण रोमन लिपीत मराठी लिहिली, आणि पेटी भरली की पुसून टाकली. अठराव्या शतकातल्या कारकुनाची याददास्त मला आज वाचता येते. २००५ मधला विदर्भातला पत्रव्यवहार कुठे शोधायचा?

मला मोडी शिकवणाऱ्या वृद्ध अभ्यासकांनी २००६ मध्ये एका अडलेल्या शब्दाचे वाचन एसएमएसने कळवले होते. ते मी वहीत तारीख-वेळेसह उतरवले. त्यांचे बाकीचे निरोप त्या ११०० मध्येच राहिले. ते आता नाहीत, आणि फोनही सुरू होत नाही. बर्डीवरचा दुरुस्तीवाला म्हणतो, ‘काका, बॅटरी मिळाली तर पाहू.’