दुधाचा चहा
चहापूड, साखर, पाणी आणि दूध एकत्र उकळून केलेले पेय. चंद्रपूरच्या ठेल्यांवर दाणेदार सीटीसी पुडीत आले ठेचून घालतात. दूध ओतल्यावर पुन्हा उकळी आणून गाळतात.

1982 साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, भामरागडच्या माडिया आदिवासींच्या गावांत, चित्र निराळे आहे. दूध वासराचे, या धारणेमुळे तिथे गायीची धार काढण्याची प्रथा पूर्वापार नव्हती. तिथला कोरा चहा म्हणूनच केवळ गरिबीची खूण मानणे चूक ठरेल.

आशियात दुधाच्या चहाची रूपे अनेक. मंगोलियात त्यात मीठ पडते, काश्मिरी नून चायमध्ये मीठ आणि सोडा. हाँगकाँगमध्ये कापडी गाळणीतून उतरवलेल्या कडक चहात डब्यातले आटीव दूध घालतात. टॅपिओकाच्या गोळ्यांचा चहा तैवानमध्ये 1980च्या दशकात सुरू झाला.