कडेपासून सुरुवात

पदक म्हटले की शर्यत, व्यासपीठ आणि गळ्यातली फीत डोळ्यांपुढे येते. या पुस्तकातली बरीचशी पदके कोणीच जिंकलेली नाहीत. एखाद्या प्राध्यापकाची साठी, एखादे लग्न, एखाद्या पुलाचे उद्घाटन अशा निमित्ताने ती घडली, आणि तळहातावर घेऊन दिव्याखाली फिरवत पाहण्यासाठी घडली. नाण्यासारखी त्यांना किंमत नाही, पुतळ्यासारखा चौथरा नाही. 1900 च्या आसपास पॅरिस, ब्रुसेल्स, व्हिएन्ना, म्युनिक इथल्या शिल्पकारांनी या छोट्या आकारात जे करून ठेवले, त्या कलेच्या दारात नव्या वाचकाला आणून सोडणे एवढेच या प्रस्तावनेचे काम.

तळपायाला काशाची वाटी घासून घेतलेल्या पिढीला हा धातू परका नाही. वाटीच्या काशात कथील बरेच असते, म्हणून ते खणखणीत वाजते. पदकाच्या काशात तांब्याचा वाटा फार मोठा, म्हणून ते ठशाखाली नमते. त्याचा तपकिरी रंग मात्र जुनेपणाचा मळ नव्हे. उष्णता आणि रसायने वापरून तो मुद्दाम आणलेला असतो. माझे पहिले पदक मी दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासले होते. त्यावरच्या स्त्रीचे गाल अजून परातीसारखे चकाकतात.

पूर्वी पदकाचा ठसा पोलादात, उलटा आणि त्याच मापात कोरावा लागे. ते शिल्पकाराचे नव्हे, कोरक्याचे काम होते. एकोणिसाव्या शतकात प्रतिमा लहान करणारी यंत्रे आली; 1899 मध्ये पॅरिसच्या व्हिक्तोर जानव्हिए यांनी पेटंट घेतलेले यंत्र त्यांतले सर्वांत नावाजलेले. शिल्पकाराने ताटाएवढी प्रतिमा मातीत घडवायची. तिच्या धातूतल्या प्रतीवरून यंत्राची एक सुई फिरते आणि दुसऱ्या टोकाचे पाते तेच चढउतार लहान मापात पोलादात कोरते. ऑस्कर रोती, शाप्लँ, शार्पांतिए या फ्रेंच शिल्पकारांच्या पदकांतला धुक्यासारखा मऊ उठाव या सोयीशिवाय कठीण होता. आता या सोयीने गोडव्याचा महापूरही आणला, हे कबूल केले पाहिजे. झिरझिरीत वस्त्रांतल्या, क्षितिजाकडे टक लावून बसलेल्या देवता शंभर पाहिल्या की एकशे एकावी नको होते. रोतींची बी पेरणारी बाई त्याला अपवाद. 1887 मध्ये कृषी खात्याच्या पदकासाठी काढलेली ती आकृती दहा वर्षांनी फ्रान्सच्या नाण्यांवर चढली. तिच्या चालण्यात खरोखर वजन आहे.

ठसा टिकला की प्रती कधीही काढता येतात. मग अस्सल कशाला म्हणायचे? संग्राहकाची खरी परीक्षा इथे असते, आणि म्हणून मी नवशिक्याला चेहऱ्याआधी कड पाहायला सांगतो. पॅरिसच्या टांकसाळीने 1880 पासून पदकाच्या कडेवर धातूच्या नावाशेजारी फळाफुलांनी भरलेल्या शिंगाची छोटी खूण उमटवली. 1840 चे साल मिरवणाऱ्या पदकावर ती दिसली, तर ठसा जुना आणि प्रत नंतरची. 1905 च्या पदकाला मात्र ही खूण एकटी पुरत नाही. तिथे उठावाची धार, रंग आणि वजन यांवरच भिस्त.

नक्कल म्हणून सगळेच टाकाऊ, असेही नाही. 7 मे 1915 ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. सुमारे 1200 माणसे मेली. म्युनिकच्या कार्ल गोएट्झ यांनी जहाजकंपनीची निर्भर्त्सना करणारे पदक काढले: तिकीटखिडकीत सांगाडा बसलेला, पुढे गिऱ्हाइकांची गर्दी. पण तारीख घातली 5 मे. ब्रिटिशांनी ही चूक उचलून धरली, जणू हल्ला आधीच ठरला होता, आणि प्रचारासाठी त्याच पदकाच्या लाखोंनी प्रती काढून डबीत घालून विकल्या. दोन्ही ओळखायची खूण एका अक्षराची आहे. जर्मनमध्ये महिन्याचे नाव ‘एम-ए-आय’, ब्रिटिश नकलेवर ‘एम-ए-वाय’. गोएट्झची प्रत दुर्मीळ, म्हणून महाग. पण युद्धातल्या प्रचाराचा पुरावा म्हणून मला ती स्वस्त नक्कलच अधिक बोलकी वाटते.

अशा एकसारख्या नकलांच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली काशाची चकती. 1917 च्या स्पर्धेत आलेल्या 800 हून अधिक नमुन्यांतून एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांचा नमुना निवडला गेला: ब्रिटानिया, सिंह, दोन डॉल्फिन, व्यास 120 मिलिमीटर. अशा 13 लाखांहून अधिक चकत्या निघाल्या आणि प्रत्येकीवर त्या त्या मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या. हिंदी शिपायांच्या घरीही ही चकती आली. तिच्यावर हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. त्यामुळे सोबतचा कागद हरवला की चकतीवरचा एखादा कोंडाजी नेमका कुठला, हे सांगता येत नाही. अशी चकती घेताना कागदाची चौकशी आधी करावी.

पदक चिंचेने घासू नये, हा त्या पहिल्या पदकाने शिकवलेला नियम इथे मात्र मी थोडा सैल करतो. ब्रिटनमधल्या कित्येक घरांत या चकत्या वर्षानुवर्षे घासूनपुसून लखलखीत ठेवल्या जात. काहींवरची ब्रिटानिया झिजून नाकडोळे हरवून बसली आहे. व्यापारी अशा प्रतीला हलकी म्हणून बाजूला सारतो. ती मागून घ्यावी, आणि घरी आणल्यावर परत घासू नये.