चोरावर मोर

दिवाळी आली की मुरबाड-शहापूरच्या बाजूला हळवे भात खळ्यावर आलेले असते आणि गरवे अजून शेतात डोलत असते. डोलत असते असे म्हणायचे, कारण सणासुदीला अभद्र बोलू नये. पण ज्याच्या शेतावर करप्याची दृष्ट पडली, त्याचे भात डोलत नाही, मान टाकते. पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, मधे राखी, कडेला तपकिरी. पुढे लोंबीची मान काळी पडते आणि दाण्याच्या जागी नुसते फोल उरते. हा सारा खेळ एका बुरशीचा. राब भाजण्यापासून कापणीपर्यंत खपलेल्या माणसाच्या तोंडचा घास पळवणारी ही बुरशी चोरच म्हणायची. परंतु या चोरावरही मोर आहेत! बुरशीलाही रोग होतो, तिच्याही अंगात विषाणू शिरतात. ही गोष्ट माणसाच्या ध्यानात आली ती मात्र भातशेतीत नव्हे, अळंबीच्या धंद्यात.

आपल्याकडे पावसाळ्यात वारुळाच्या आसपास उगवते ती अळंबी कोणी लावीत नाही, आणि तिची जागा ज्याला सापडली तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. अमेरिकेत मात्र अंधाऱ्या कोठ्यांतून, खताच्या वाफ्यांवर अळंबीचे पीक काढतात. पेनसिल्व्हेनिया प्रांतात ला फ्रान्स नावाच्या बंधूंचा असाच धंदा होता. १९४८ साली त्यांच्या वाफ्यांवर विचित्र अळंबी उगवू लागली. दांडा लांबोडका, डोक्यावरची छत्री एवढीशी आणि तीही कलती. पीक घटत गेले. १९५० साली सिंडन आणि हाउझर या दोघांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगाला नाव मिळाले ‘ला फ्रान्स’. बिचाऱ्या बंधूंचे पीक तर गेलेच, वर रोगाला घराण्याचे नाव चिकटले! पुढे १९६२ साली इंग्लंडमध्ये हॉलिंग्ज या शास्त्रज्ञाने रोगट अळंबीचा रस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यात तीन तऱ्हेचे विषाणुकण दिसले. बुरशीच्या विषाणूंचे शास्त्र तिथून सुरू झाले असे मानतात.

या विषाणूंची एक तऱ्हा लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्दी-पडशाचा विषाणू शिंकेबरोबर हवेत उडतो, हे सहसा तसे बाहेर पडत नाहीत. एका बुरशीचे तंतू दुसरीच्या तंतूंना भिडून एकजीव झाले, तर ते इकडून तिकडे जातात, नाही तर आईकडून बीजाणूंतून मुलीकडे. त्यातून बुरशीचा संसार मोठा सोवळा. आपल्या जातीबाहेरच्या तंतूशी ती एकजीव होत नाही, तसा प्रसंग आलाच तर सांध्यावरच्या पेशी मारून टाकते. रोटी-बेटी व्यवहाराचे इतके कडक नियम आपल्या आजोबांनीही पाळले नसतील.

या सोवळ्याची खरी किंमत दिसली ती चेस्टनट वृक्षांच्या बाबतीत. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात या झाडांच्या साली फाटून वाळू लागल्या. कारण होते आशियातून आलेली एक बुरशी. पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतले कोट्यवधी वृक्ष मेले. लाकूड गेले, फळ गेले, डोंगरी माणसाचा आधार गेला. १९३८ साली ही बुरशी इटलीत जिनोव्हाजवळ दिसली, तेव्हा तिथल्या लोकांनी कपाळाला हात लावला असेल. कारण तिथल्या गरिबाला चेस्टनटचे पीठ म्हणजे आपल्याकडची नाचणी-वरी.

आणि इथे नवल घडले. १९५० नंतर अंतोनिओ बिरागी यांना काही झाडांच्या जखमा आपोआप भरत आलेल्या आढळल्या. झाड नवे नव्हते, बुरशीही तीच. मग झाले काय? फ्रान्समध्ये जाँ ग्रांत यांनी त्या भरत्या जखमांतली बुरशी काढून वाढवली, तर ती नेहमीसारखी नारिंगी न होता पांढरट आणि मवाळ निघाली. ती जहाल बुरशीला भिडवली की जहालही मवाळ होई! फ्रान्समध्ये मग जखमेच्या कडेला भोके पाडून त्यांत ही मवाळ बुरशी भरू लागले. हा मवाळपणा विषाणूचाच, याचा पक्का पुरावा १९९२ साली मिळाला. चोई आणि नस यांनी विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल निरोगी बुरशीत घातली आणि तिचा जोर ओसरला.

अमेरिकेत मात्र हा उपाय फारसा चालला नाही. तिथे या बुरशीच्या पोटजाती पुष्कळ, युरोपात थोड्या. जिथे पोटजाती जास्त, तिथे विषाणूची वाट बंद. मारेकऱ्याचे सोवळे त्याच्या कामी आले आणि झाडे मात्र बुडाली.

बुरशीतला प्रत्येक विषाणू असा वैरी असतोच असे नाही. पिंपरीला १९५४ साली सरकारी पेनिसिलीन कारखाना स्थापन झाला. ज्या बुरशीपासून पेनिसिलीन निघते, तिच्याही अंगात विषाणू सापडले आहेत, पण गरीब भाडेकरूसारखे, कुणाला उपद्रव नाही. आणि अमेरिकेच्या यलोस्टोन भागात तर उलटीच तऱ्हा. तिथल्या कढत जमिनीत एक गवत जगते, कारण त्याच्या अंगात बुरशी असते आणि बुरशीच्या अंगात विषाणू. विषाणू काढून घेतला की त्या उष्णतेत गवत टिकत नाही, असे २००७ साली सिद्ध झाले.

आता आपल्या करप्याकडे येऊ. २०१० साली जपानी संशोधकांनी व्हिएतनाममधल्या करप्याच्या बुरशीत एक विषाणू दाखवून दिला. तो अंगात असलेली बुरशी धड वाढत नाही. बातमी आनंदाची खरी, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीपासून मुरबाडच्या खाचरापर्यंतची वाट लांब आहे आणि मधे तेच सोवळे आडवे उभे आहे. तोवर बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावे, आणि शेजाऱ्याचे भात जास्त हिरवे दिसते म्हणून आपल्या खाचरात युरियाची जादा गोणी ओतू नये. नत्र फाजील झाले की करप्याला मेजवानीच मिळते.