जप्तीत न गेलेली वही

१९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साठावं कलम आहे. देणं थकलेल्या माणसाच्या घरातून बेलिफाने काय उचलायचं नाही, याची यादी त्यात दिलेली आहे. लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीने बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारं. आणि हिशेबाच्या वह्या. आजीने हे कलम कधी वाचलं नव्हतं, पण तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. अंबरनाथच्या घरातून लाकडी कपाट गेलं, भिंतीवरचं घड्याळ गेलं, आजोबांची सायकल आणि दुकानाचा तराजू गेला. पितळी पातेली, दोन गोधड्या, आजीचं मंगळसूत्र आणि लाल खारव्याची वही एवढं मागे राहिलं. वहीवर मात्र बेलिफाने हात ठेवून विचारलं होतं, "यात येणं किती आहे?" आजोबा म्हणाले, "पुष्कळ. येणार काही नाही."

किराण्याचं दुकान होतं, स्टेशनच्या पश्चिमेला. अंबरनाथ हे तेव्हा कामगारांचं गाव. काड्यापेट्यांचा विम्को होता, गंधकाम्ल आणि खतं बनवणारी धरमसी मोरारजी होती, सरकारी दारूगोळ्याचा कारखाना होता, आणि पुढे औद्योगिक वसाहत झाल्यावर त्यांच्या अवतीभवती लहान कारखाने उगवले. सात तारखेला पगार, आठ तारखेला दुकानात उधारी चुकती, नऊ तारखेपासून नवी उधारी. सगळा बाजार याच चक्रावर फिरायचा. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्या लहान कारखान्यांपैकी एकात टाळेबंदी झाली. आजोबांची सर्वांत जास्त उधारी तिथल्याच कामगारांवर. माणसं रोज दुकानात येत आणि मान खाली घालून उभी राहत. त्यांना तांदूळ नाही म्हणणं आजोबांना जमलं नाही. कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्यांना मात्र थांबणं जमलं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत दिवाळं निघालं.

ओळखीच्या वकिलांनी १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली ठाण्याच्या कोर्टात अर्ज करायला सांगितलं होतं. आहे ते कोर्टाच्या स्वाधीन करायचं आणि पुढे देण्यातून मोकळं व्हायचं. आजोबांनी अर्ज केला नाही. नादार म्हणवून घेणार नाही, म्हणाले. घरात आजही हे अभिमानाने सांगतात, पण मला वाटतं त्यांनी अर्ज करायला हवा होता. बुडालेल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणूनच तो कायदा झाला आहे, त्यात मान जाण्यासारखं काही नाही. त्यांनी न केलेल्या अर्जाची किंमत पुढची बरीच वर्षं आजीने आणि मुलांनी भरली.

अंबरनाथात तोंड दाखवायला नको म्हणून बिऱ्हाड उल्हासनगरला हललं. चार नंबर कॅम्पात एका बॅरेकीतली एक खोली भाड्याने मिळाली. भिंतीपलीकडे घरमालकीण, सिंधमधल्या शिकारपूरची. सगळे तिला दादी म्हणत, आजीही म्हणू लागली.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. १९४७नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळालं. हे सगळं पुस्तकात सापडतं. दादीच्या तोंडून आजीने ऐकलं ते वेगळं होतं, आणि आजीकडून आम्ही ऐकलं. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर दादीचं घर हललं. बोटीने मुंबई बंदर, तिथून गाडीने कल्याण. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बॅरेकीत कुटुंबाकुटुंबांच्या मधे भिंत नव्हती, गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे होते. पलीकडचं मूल रडलं की अलीकडची बाई थोपटायला उठायची, आपलंच रडतंय समजून. नळावर रांग, संडासाला रांग, रेशनला रांग. आणि या रांगांत शेजारीशेजारी उभी असलेली माणसं सिंधमधे एकमेकांच्या उंबऱ्याशीही आली नसती, इतका त्यांच्यात फरक होता. कोणाची हवेली होती, कोणी त्या हवेलीत पाणी भरत होता.

दादीच्या सासरी बुडणं हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. शिकारपूरचे सराफ पिढ्यान्‌पिढ्या मध्य आशियात हुंड्यांचा व्यवहार करत. बुखारा, समरकंदपर्यंत त्यांच्या पेढ्या होत्या. १९१७च्या रशियन क्रांतीनंतर तो व्यापार संपला आणि तिकडे अडकलेला पैसा परत आला नाही. दादीच्या आजेसासऱ्यांची पेढी त्यातच गेली. ते परत आले आणि शिकारपुरात पुन्हा दुकान घालून बसले. तीस वर्षांनी तेही गेलं. त्यामुळे आजोबा दाराशी गुडघ्यांत मान घालून बसलेले दिसले की दादीला आश्चर्य वाटायचं. "भाऊ, एकही बार डूबा है ना?" ती विचारायची. टोचून नव्हे. खरोखर माहिती हवी असल्यासारखी.

आजोबांना त्या वस्तीत राहणं आणखी एका कारणाने जड होतं. अंबरनाथ-कल्याणचे जुने दुकानदार सिंध्यांच्या नावाने बोटं मोडत. हे लोक लोकलमधे पेपरमिंट विकतात, कंगवे विकतात, पापड विकतात, आणि भाव पाडतात. साखरेचं पोतं खरेदीच्या भावाने विकून टाकतात आणि रिकामं पोतं विकून नफा काढतात, ही गोष्ट तेव्हा सगळ्या बाजारात सांगितली जाई. आजोबांनीही ती सांगितली होती. आता रात्री भिंतीपलीकडून त्यांना तो हिशेब ऐकू येऊ लागला: आज पोत्याचे किती, डब्याचे किती. महिन्याभराने आजोबांनीच दादीच्या थोरल्याला विचारलं, रिकामे डबे कोण घेतं? तेल-तुपाच्या रिकाम्या डब्यांवरच त्यांनी पुन्हा धंद्याला सुरुवात केली.

आजीने पापड लाटायला घेतले. उडदाचं पीठ, वर अर्धवट कुटलेली मिरी आणि जिरं; मजुरी किलोवर. दुपारी बॅरेकीच्या ओट्यावर सात-आठ बायका बसत. दादीचा पापड इतका पातळ की त्यातून पलीकडची रेघ दिसे. आजीचा सुरुवातीला जाड होई आणि वजनात भरे, म्हणजे मजुरी तीच आणि गिनती कमी. दादीने शिकवलं ते लाटणं नव्हतं, थांबणं होतं: पीठ तेलाच्या हाताने कुटून झालं की जरा तसंच राहू द्यायचं, मग ते लाटण्याखाली भांडत नाही. कोणी पाहुणा आला की आधी पाणी आणि भाजलेला पापड. घरात दुसरं काही नसलं तरी हे असतंच, म्हणून पाहुण्याला कधी हात हलवत परत जावं लागत नाही. आमच्या घरात ही रीत तेव्हा आली ती आजपर्यंत आहे.

आता त्या वहीबद्दल. आजीने उरलेल्या कोऱ्या पानांवर उभी रेघ मारली. डावीकडे देणं: कोणत्या व्यापाऱ्याला कधी किती पोचते केले. उजवीकडे घरखर्च. आणि प्रत्येक महिन्याच्या तळाशी एक ओळ वेगळी, तिला नाव नाही. तिथे गजरा आहे. दोन माणसांचा सिनेमा आहे. चार आण्यांची जिलबी आहे, काचेच्या बांगड्या आहेत, एकदा नुसतंच 'आइसफ्रूट, मुलं' असं आहे. देण्याची ओळ आधी, मग धान्य, मग ही. पण ही ओळ एकाही महिन्यात रिकामी नाही.

यावरून घरात भांडणं झाली. आजोबा म्हणत, लोकांचे पैसे थकलेत आणि आपण सिनेमाला बसतो, हे शोभतं का? आजी म्हणे, "अहो, महिन्याचं त्यांचं त्यांना दिलंय. माझ्या पापडाच्या मजुरीतलं आहे हे." एकदा कल्याणचा एक व्यापारी हप्ता घ्यायला स्वतः आला. त्याने वही मागितली, पानं चाळली आणि बोट ठेवलं नेमकं सिनेमावर. त्याचा चेहरा लाल झाला. आजी आतून म्हणाली, "त्याच्या वरची ओळ वाचा. तुमचीच आहे." त्याने वाचली, तारीख पाहिली, हप्ता मोजून घेतला. चहा घेतला नाही. पुढच्या महिन्यापासून मात्र माणूस पाठवायचा तो बंद केला. आजोबा नेऊन देतील यावर सोडलं.

मला या ओळीचं मोल आजीच्या तोंडून कळलं नाही, कारण तिने कधी ते समजावून सांगितलं नाही. ती फक्त त्या काळातल्या गोष्टी सांगायची, आणि त्यांत उपासमारीपेक्षा चवी जास्त असायच्या. रविवारी सकाळी दाल-पकवानच्या गाडीवरचा वास. चण्याच्या पिठाची, शेवग्याच्या शेंगा आणि चिंच घातलेली आंबट कढी, जी तिला आधी कढी वाटतच नव्हती आणि पुढे तिच्याच हातची नावाजली गेली. श्रावणातली थदडी: त्या दिवशी सिंधी घरात चूल पेटवत नाहीत, आदल्या रात्री केलेलं थंड खातात. दादीकडून कांदा घातलेली जाड कोकी आणि गोड लोला यायचा, आणि आजीलाही तेवढा दिवस चुलीपासून सुट्टी मिळायची. होळीला परातीएवढं घीहर, एक तुकडा सगळ्यांत. पाच नंबर कॅम्पात चालीहाच्या मंदिरात झुलेलालच्या चाळीस दिवसांच्या व्रताचे दिवे. यातल्या कशालाच फार पैसे लागत नव्हते, आणि यातलं काहीच फुकट नव्हतं; कोकीच्या बदल्यात आजी संक्रांतीला तिळगूळ आणि गुढीपाडव्याला श्रीखंडाची वाटी पाठवी. त्याच सुमाराला त्यांचा चेटीचंड असे, म्हणून वाट्या रिकाम्या परत येत नसत.

आणि महाशिवरात्र. अंबरनाथला ती पुन्हा गेली ती जत्रेलाच. बिऱ्हाड हलवल्यानंतर पहिल्यांदा, दादीला बरोबर घेऊन. वालधुनीच्या काठचं ते देऊळ शिलाहारांच्या काळातलं, तिथल्या लेखातलं साल इ.स. १०६०. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. रांग मोठी होती आणि रांगेत जुनी गिऱ्हाइकं होती. ज्यांची उधारी बुडाली त्यांतली एक बाई आजीच्या पुढे उभी होती. दोघी काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्या बाईने जत्रेतून एक डझन हिरव्या बांगड्या घेऊन आजीच्या हातात भरल्या. वहीत त्या दिवशी आजीने त्या बाईचं खातं काढून बाकीतून बांगड्यांची किंमत वजा केली आहे. मला वाटतं एवढा काटेकोर आणि एवढा मायेचा जमाखर्च मी दुसरीकडे पाहिला नाही.

माझे काका ही वही हातात घेत नाहीत. ते तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते आणि शाळेत अनवाणी जात. उन्हाळ्यात डांबर तापलं की सावलीसावलीने पळत. "सिनेमाच्या दोन तिकिटांत माझ्या चपला आल्या असत्या," असं ते आजीसमोर एकदा म्हणाले, तेव्हा ती गप्प राहिली. मी आजीच्या बाजूचा आहे. ती ओळ नसती तर ते घर टिकलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. पण काकांचे पाय भाजले हे खरंच आहे, आणि वहीत चपलांची ओळ बऱ्याच उशिरा येते.

देणं फिटल्यावर आजोबांनी बदलापूरला, कुळगावात, जागा घेतली. तिथे १९८२नंतर आमच्या शेजारी आईचे मामा आले. लालबागचे, गिरणीतले. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. मामांनी लालबागची खोली विकून देणी भागवली, उरलेल्यात बदलापूरला खोली घेतली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रखवालदारी धरली. आजीने त्यांना पहिल्याच महिन्यात रेघ मारलेली वही दिली. मामांची बिननावाची ओळ निराळी होती: टाळांची जोडी, मृदंगाला शाई, बुक्का. सुटीच्या दिवशी जुन्या माणसांना भेटायला मुंबईला जाताना ते मुद्दाम भजनी मंडळाच्या डब्यात चढत. कर्जत लोकल कल्याणला येईपर्यंत तीन अभंग व्हायचे. मे संपता संपता बदलापूरची जांभळं पिकली की पानांच्या द्रोणात भरून जुन्या चाळीतल्या प्रत्येकासाठी नेत. गिरणी गेली, पण मामा कधी रिकाम्या हाताने लालबागला गेले नाहीत.

२६ जुलै २००५च्या पुरात उल्हास नदी आमच्या तळमजल्यात शिरली. वही भिजली. निळी शाई पसरली, काळी राहिली. योगायोगाने देण्याच्या ओळी निळ्या होत्या. त्यामुळे कोणाला किती दिलं हे आता वाचता येत नाही.

२०१६मधे नादारी आणि दिवाळखोरीची नवी संहिता आली. मोठमोठ्या कंपन्यांच्या बातम्या तिच्याखाली येतात. कर्जबाजारी कंपन्यांना वैयक्तिक हमी दिलेल्यांना ती २०१९पासून लागू झाली, पण साध्या दुकानदारासाठी अजूनही १९२०चाच कायदा चालतो. हे मला माहीत झालं ते आमच्या इमारतीतल्या एका तरुणामुळे. उल्हासनगरात जीन्स शिवून घेऊन विकायचा त्याचा धंदा २०२०च्या टाळेबंदीत गेला. घराचे हप्ते थकले, मशीनं विकली. बायको डबे करू लागली. वकिलाकडे त्याच्याबरोबर मी गेलो आणि अर्ज कर असं सांगितलं.

वही कशी लिहायची हे दाखवायला मात्र काका बसले. न बोलावता, आपण होऊन. आजीने मारायची तशीच उभी रेघ त्यांनी मारली, डावीकडे बँक आणि कापडवाला लिहिला, उजवीकडे धान्य. मग त्या तरुणाच्या मुलीला हाक मारली, तिला कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीने तिच्या पावलाभोवती रेघ ओढली. "चपला. ही ओळ सगळ्यांत वर," ते म्हणाले. "आता तळाशी एक जागा सोड. तिथे काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पण ती रिकामी ठेवू नका." तो तरुण विचार करत राहिला. त्याची बायको आतून म्हणाली, शनिवारी सगळे मिळून दाल-पकवान.