नस ताणली, हे कळायला किती वर्षं लागली

लावणीला वाकलं, मोळी उचलली, की लघवी सुटते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर बाया हे एकमेकींनाही हळू आवाजात सांगतात. "बाळंतपणानंतर असं व्हायचंच," म्हणून सासू सुनेला गप्प करते. तिला तिच्या सासूनं केलेलं असतं.

खोपोलीला आगगाडी आली १८५६ साली. बायकांनीच बायकांना तपासावं म्हणून मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं १८८६ साली. गाडी तीस वर्षं आधी! आणि अडलेली बाई डोंगरावरून स्टेशनात आणायची कशी, ते वेगळंच.

पुढे मूळ गोव्याच्या डॉ. शिरोडकरांनी, अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायांची पिशवी न काढता ती पट्टीनं वर धरून ठेवायची शस्त्रक्रिया बसवली. मोठं काम. पण खाली आलेली पिशवी वर नेता येते, ताणलेली नस टाक्यानं बरी होत नाही.

ही नस रक्ताची नव्हे, निरोप नेणारी. लघवी-शौचाची दारं आवळायला, सोडायला तीच सांगते. कळा फार लांबल्या, बाळाचं डोकं अडून राहिलं, की ती ताणते. मग खोकताना लघवी होते, वारा-शौच आवरत नाही. कधी उलट, लघवी भरल्याचं कळतच नाही. लंडनच्या डॉक्टरांनी बाळंतिणी तपासून ही इजा दाखवली ती १९८४ साली. तोवर सगळं 'सैल पडलं' म्हणून सोडून दिलेलं.

आपल्याकडे १९८९ साली गडचिरोलीच्या डॉ. राणी आणि अभय बंग यांचा अभ्यास छापून आला. दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग. त्यात नसेपेक्षा इतर आजारच जास्त. पण आधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ! मला हा आठचा आकडा जास्त बोचतो.

ताणलेली नस बहुतेकदा काही महिन्यांत सावरते. सोबत व्यायाम करायचा, अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी १९४८ साली मांडलेला: लघवी रोखल्यासारखं आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. भाकरी थापतानाही जमतो. मात्र बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा बसायची जागा बधिर वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.